सूर्याचा मृत्यू सांगताय? मग या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यात खानापूर असो, निपाणी असो, चिकोडी असो, शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात एक टेबल ठरलेलं असतं. थर्माकोलचे चार गोळे: पिवळा, केशरी, लाल आणि शेवटी काळा. वर पाटी, 'सूर्याचे भविष्य'. परीक्षक म्हणून अशा टेबलांपुढं उभं राहून माझे पाय दुखायला लागलेत. चुका त्याच त्या, आणि बहुतेक सगळ्या घाईपोटी. पोरांना आणि त्यांच्या सरांनाही शेवटच्या धमाक्यापर्यंत पोचायचं असतं. मधलं वाचायला कुणी तयार नाही.

सगळ्यात हट्टी चूक म्हणजे सूर्य फुटणार आणि त्याचं कृष्णविवर होणार. खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या पोरांनी लाल गोळ्याच्या पोटात खायचा सोडा भरला होता. मी समोर गेल्यावर एकानं वरून लाल रंगाचं व्हिनेगर ओतलं. फेस उसळला, टेबलावरून ओघळला आणि शेजारच्या पोरीच्या ठिबक सिंचनाच्या शेतात शिरला. ती रडायला लागली, गर्दी टाळ्या वाजवायला लागली.

मी विचारलं, "काय रे, सूर्य फुटतो कशानं?"

"गॅस संपतोय की सर."

"मग तुमच्या घरातला गॅस संपल्यावर सिलिंडर फुटतोय व्हय?"

"न्हाई की सर. नवीन आणतोय."

उत्तर माझ्या प्रश्नापेक्षा चांगलं होतं. बक्षीस त्याच टेबलाला गेलं, कारण माझ्या जोडीच्या परीक्षकांना फेस फार आवडला.

आता मुद्दा. तारा फुटायला वजन लागतं. सूर्याच्या साधारण आठपट किंवा त्याहून जास्त वस्तुमान असेल तर गाभ्यात एकामागून एक मूलद्रव्यं तयार होत लोखंडापर्यंत मजल जाते. लोखंडापासून पुढं ऊर्जा मिळत नाही, गाभा कोसळतो आणि तारा फुटतो. सूर्याची धाव कार्बन-ऑक्सिजनपर्यंतच. तिथं पोचल्यावर तो बाहेरचे थर हळूहळू अवकाशात सोडून देतो आणि मध्ये उरतो श्वेतबटू: आजच्या सूर्याच्या निम्म्याहून थोडं जास्त वस्तुमान, आणि आकार पृथ्वीएवढा. असा बटू किती वजन पेलू शकतो हे गणित भारतीय खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1930 मध्ये मुंबईहून इंग्लंडला निघालेल्या बोटीत मांडायला घेतलं. वय 19. मर्यादा निघाली सूर्याच्या सुमारे 1.4 पट. उरलेला सूर्य तिच्या खूप खाली आहे, त्यामुळं कृष्णविवराचा विषयच संपला. 1983 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तरी आपली टेबलं अजून काळाच गोळा मांडतात. तो गोळा पांढरा रंगवा. थंड होऊन काळा पडायला श्वेतबटूला इतका वेळ लागतो की विश्वाच्या आजवरच्या 1380 कोटी वर्षांत एकही तसा झालेला नाही.

दुसरी चूक गोड बोलून होते. "घाबरायचं काय कारण नाही, अजून 500 कोटी वर्षं आहेत." हे वाक्य मी मोठमोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी मध्येच थांबवलंय. 500 कोटी हा आकडा गाभ्यातला हायड्रोजन संपण्याचा. तोवर सूर्य आजच्यासारखाच राहील असं कुणी सांगितलं? गाभ्यात हायड्रोजनचे चार अणुगर्भ मिळून हेलियमचा एक होतो. कणांची संख्या घटते, वरचं वजन तेवढंच राहतं, म्हणून गाभा थोडा आवळतो, आणखी तापतो आणि जास्त वेगानं ऊर्जा काढतो. म्हणजे इंधन कमी होत जाईल तसा सूर्य मंद न होता प्रखर होत जातो. जन्मला तेव्हा त्याचं तेज आजच्या 70 टक्क्यांच्या आसपास होतं. दर 100 कोटी वर्षांना ते अंदाजे 10 टक्क्यांनी वाढतं. पुढच्या 100 कोटी वर्षांच्या आसपासच समुद्र टिकणं कठीण होईल. सूर्य तेव्हा ऐन मध्यम वयात असेल, अजून लालही झालेला नसेल. पोरांना मी हे आधी सांगतो आणि लाल राक्षस, म्हणजे म्हातारपणी फुगून लाल झालेला सूर्य, नंतर. क्रम उलटा केला की या भागाकडं कुणी लक्ष देत नाही.

शून्यांचा घोळ वेगळाच. मजकूर इंग्रजीतून उतरवायचा, समजावून मराठीत सांगायचं आणि पाटी कन्नडमध्ये लावायची, यात बिलियनचे कोटी होताना एकदोन शून्यं वाटेतच गळतात. एक बिलियन म्हणजे 100 कोटी, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अब्ज, खर्व वापरूच नका. कोटी तिन्ही बाजूंना कळतो.

लाल म्हणजे जास्त तापलेला, असं सांगू नका. पृष्ठभाग आज सुमारे 5500 अंश सेल्सिअस आहे, फुगल्यावर 3000 च्या आसपास उतरतो. एकूण तेज मात्र हजारोपट वाढतं, कारण पृष्ठभागच तेवढा पसरलेला असतो.

"सगळा हायड्रोजन संपतो" हेही चूक. संपतो फक्त गाभ्यातला. बाहेर भरपूर शिल्लक असतो, आणि गाभ्याभोवतीच्या कवचात तो पेटला की सूर्य फुगायला लागतो.

सूर्याचं भविष्य म्हणून काक्षी किंवा ज्येष्ठा हे तारे दाखवू नका. ते महाराक्षस आहेत, वस्तुमान सूर्याच्या दहापटीहून जास्त, त्यांचा शेवट वेगळा. स्वाती दाखवा. वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढं, आकार फुगून सुमारे 25 पट. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला बेळगावात ती जवळपास डोक्यावर असते, आणि बघायला दुर्बीण लागत नाही.

गोळ्यांच्या मापाबद्दल तर बोलावंसंच वाटत नाही, पण बोलतो. चार गोळे एकमेकांच्या दुप्पट-तिप्पट करून काही कळत नाही. माझी सवय अशी: 1 सेंटीमीटरचा मणी म्हणजे आजचा सूर्य. पटांगणात सव्वा मीटर सुतळीनं खडूचं वर्तुळ काढायचं, तो लाल राक्षस. श्वेतबटू मग मिलिमीटरचा दहावा भाग येतो, म्हणजे रव्याच्या कणाहून बारीक. पोरं हसतात आणि माप डोक्यात राहतं. टेबलावर मावत नाही, अशी तक्रार येते. येऊ दे.

आपल्याकडं एक गोष्ट फुकट पडून आहे, तिच्याकडं कुणी बघत नाही. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण बघायला लेफ्टनंट जॉन हर्शल जमखंडीत आला होता, आपल्या जिल्ह्याच्या शेजारी. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटात त्याला ठळक रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या. त्याच वर्षीच्या निरीक्षणांतल्या एका पिवळ्या रेषेवरून पुढं हेलियमचा शोध लागला, म्हणजे सूर्याच्या पोटात साठत चाललेल्या राखेचा. परदेशी फोटो चिकटवण्याआधी जमखंडीचा नकाशा लावा की.

राहिलं पृथ्वीचं. "सूर्य पृथ्वीला गिळणार" असं ठासून लिहू नका. बुध आणि शुक्र जाणार, यात फारसा वाद नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार आणखी साधारण 760 कोटी वर्षांनी सूर्य आजच्या 256 पट फुगेल. सूर्याची त्रिज्या 7 लाख किलोमीटर धरली तर हे झालं जवळजवळ 18 कोटी, आणि आपण आज 15 कोटींवर आहोत. पण तोवर सूर्यानं बरंच वस्तुमान गमावलेलं असेल, त्याची ओढ कमी झालेली असेल आणि पृथ्वीची कक्षा बाहेर सरकलेली असेल. उलट बाजूनं सूर्याच्या पसरलेल्या वायूत ती मागं ओढलीही जाईल. त्या गणिताचं उत्तर 'गिळली जाते' असंच आहे, पण सगळे शास्त्रज्ञ त्यावर एकमत नाहीत. तेव्हा पाटीवर 'बहुधा' लिहा. परीक्षक मी असलो तर त्या शब्दाला वेगळे गुण देतो.