साखळी हिसकावली तर सांगलीत तक्रार कशी नोंदवाल?

विश्रामबाग असो वा मिरज, साखळी हिसकावली की आधी ११२ लावा. गाडीचा रंग, पळालेली दिशा सांगा. ठाण्यात साध्या अर्जाची पोच घेऊन परतू नका. पोच म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे, आणि नोंदीशिवाय तपास पुढे सरकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, एफआयआर घ्यावा लागतो, प्रत मोफत मिळते. नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा. दुकानदारांना सीसीटीव्हीचे फुटेज त्याच दिवशी कॉपी करायला सांगा. जुन्यावर नवे चढून ते पुसले जाते.

अंधाऱ्या रस्त्यावर चोराचे फावते. रस्त्यांवरच्या दिव्यांबाबत पुढाऱ्यांच्या आश्वासनांवर लोक चिडतात, ते रास्तच आहे. पण महापालिकेकडे बंद दिव्याची तक्रार खांबाच्या क्रमांकासह द्या. नुसत्या ‘अंधार आहे’वर कागद टेबलांवरच फिरतो.