अ‍ॅनोरेक्सियाच्या उपचारांनंतर घरात होणाऱ्या चुका: या टाळा

वजन ठरलेल्या आकड्यावर आलं, डॉक्टरांनी घरी सोडलं, की सगळे हुश्श करतात. कॉलेज सुरू होतं, डबा रिकामा आला का हे कोणी बघत नाही, फॉलो-अपची तारीख पुढे ढकलली जाते. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा मानसिक आजार, उलटण्याचा धोका उपचारांनंतरच्या पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो आणि नेमकं तेव्हाच आपण लक्ष काढून घेतो. शरीर आधी भरून येतं. जाड होण्याची भीती जायला त्यानंतरही कित्येक महिने, कधी वर्षं लागतात.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. 9 वर्षांनी सुमारे 31 टक्के बरे झालेले होते, 22 वर्षांनी जवळपास 63 टक्के. म्हणजे पाच-सहा वर्षांनीही ताटासमोर रडू येत असेल, तरी आशा सोडण्याचं कारण नाही.

पोट फुगलं म्हणून जेवण कमी करणं

सगळ्यात जास्त नुकसान मला या चुकीत दिसतं. उपाशी राहिलेल्या शरीरात जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून चार घासांत पोट गच्च वाटतं. घोट्यांवर सूज येऊ शकते. परत येणारी चरबी आधी पोटाभोवती जमते आणि हातपाय बारीकच राहतात. आरशात हे बघून मुलगी म्हणते, ‘बघ, नुसतं पोटच सुटलंय’, आणि घरचेही एक पोळी कमी वाढतात. जेवण तोडलं की हाच काळ लांबतो. खाणं नियमित राहिलं तर चरबी सर्वांगावर सारखी पसरते, त्याला वर्षभर लागू शकतं. ताट जड वाटत असेल तर तेवढंच अन्न दिवसभरात जास्त वेळा विभागून द्या. मात्र खाणं नुकतंच वाढवलेलं असताना सूज झपाट्याने वाढली, धाप लागली किंवा गोंधळल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्तातलं फॉस्फेट धोकादायक खाली गेलेलं असू शकतं.

याच्या उलट, कधी भूक आवरेनाशी होते. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते दिवसरात्र जेवणाचंच बोलत, पाककृती जमवत. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही काहींची भूक कित्येक महिने शमली नाही. म्हणून मुलीने रात्री अकराला पुन्हा वरण-भात मागितला तर ‘आता बास’ म्हणू नका. वाढा.

चालण्या-उभं राहण्याकडे दुर्लक्ष

मुंबईत हे सहज लपतं. समोर सीट रिकामी असताना कल्याण ते दादर उभं राहणं, एक स्टेशन आधी उतरून चालत जाणं, लिफ्ट चालू असताना सात मजले चढणं. बघणाऱ्याला ही चांगली सवय वाटते. ‘आज बसून ये’ एवढंच सांगून बघा. ती चिडली, कासावीस झाली, तर तिथे आजारच बोलतोय असं समजा आणि पुढच्या भेटीत थेरपिस्टना आवर्जून सांगा.

उपासाला होकार देणं

संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. आजारी माणसाला उपासातून सूट आपल्याकडे पूर्वीपासून आहे. आरती, नैवेद्य, फुलं सगळं तिला करू द्या. उपास हवाच असेल तर घरातल्या दुसऱ्याने धरावा. ‘मी फक्त फळं खाते’ यावर घासाघीस नको. त्या दिवशीही पोळी, भाजी, वरण, भात आणि वर तूप.

गणपतीत येणाऱ्या पाहुण्यांना आधीच फोन करून ठेवा. ‘चांगलं अंग धरलंय हो’ हे मावशीने मायेनेच म्हटलेलं असतं, पण त्या रात्री ताट तसंच परत येतं. घरातल्या मोठ्यांनीही स्वतःच्या डाएटच्या गप्पा जेवताना मारू नयेत.

‘पाळी आली, आता पळायला हरकत नाही’ असं समजणं

या आजारात पाळी थांबू शकते आणि हाडं विरळ होतात. गर्भनिरोधक गोळ्यांवर येणारा रक्तस्राव म्हणजे स्वतःची पाळी सुरू झाली असं नव्हे. विरळ झालेली हाडंही त्या गोळ्यांनी भरून येत नाहीत. त्यासाठी वजन टिकावं लागतं आणि शरीराचे स्वतःचे हार्मोन परतावे लागतात. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी होऊन डॉक्टरांचा होकार मिळेपर्यंत धावणं, उड्या बंद. मुलग्यांनाही हा आजार होतो आणि हाडं त्यांचीही झिजतात.

पुन्हा जेवणं टळू लागली, सैल कपड्यांत वजन लपू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा नाडी फार मंद असेल तर थेट कॅज्युअल्टी. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकलीत तर तिला एकटं सोडू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची यादी दाराजवळच्या एका पिशवीत तयार ठेवा.