खोटी वेबसाइट ओळखायची तर आधी पत्ता वाचा

वेबसाइट दिसते कशी यावरून ती खरी की खोटी हे ठरवता येत नाही. लोगो, रंग, लॉगिनची चौकट, अगदी तळाची कॉपीराइटची ओळसुद्धा काही मिनिटांत जशीच्या तशी उतरवता येते. शुद्धलेखनाच्या चुका शोधा हा जुना सल्लाही आता पुरत नाही, कारण बिनचूक मजकूर एआयकडून लिहून मिळतो. नक्कल करणाऱ्याला सहसा मिळत नाही तो खरा पत्ता, म्हणजे डोमेन. म्हणून तपासायला सुरुवात तिथूनच करा.

मोबाइलवर पत्त्याचा थोडाच भाग दिसतो. ॲड्रेस बारवर बोट ठेवून तो पूर्ण उघडा. सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली तिरकी रेघ जिथे येते तिथे थांबा आणि तिथून मागे, डावीकडे वाचा. समजा पत्ता 'माझीबँक.कॉम.खाते-तपासणी.टॉप/लॉगिन' असा आहे. रेघेला चिकटून आहे 'खाते-तपासणी.टॉप', आणि तेच खरं डोमेन. त्याआधीचं 'माझीबँक.कॉम' हे नुसतं सबडोमेन आहे. डोमेनचा मालक तिथे हवं ते नाव लिहू शकतो. 'को.यूके'सारखा दोन तुकड्यांचा शेवट असेल तर त्याच्या आधीचा आणखी एक शब्द धरून वाचा. आणि त्या पहिल्या रेघेआधी '@' दिसलं, तर त्याच्या डावीकडचं सगळं निरर्थक असतं, ब्राउझर उजवीकडच्या पत्त्यावर जातो.

पत्ता नीट वाचूनही फसायला होतं, कारण इंग्रजी लिपीत आर आणि एन शेजारी आले की छोट्या पडद्यावर एम वाटतो, लहान एल आणि मोठा आय सारखेच दिसतात. सिरिलिक (रशियन वगैरे भाषांच्या) लिपीतली काही अक्षरं तर हुबेहूब इंग्रजीसारखी आहेत. 2017 मध्ये एका संशोधकाने सगळी सिरिलिक अक्षरं वापरून ॲपलच्या पत्त्याची नक्कल नोंदवून दाखवली. तेव्हाच्या क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ती डोळ्यांनी ओळखू येत नव्हती.

अशा वेळी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारा आणि आपोआप भरणारा प्रोग्राम, उपयोगी पडतो. तो पान बघत नाही, डोमेन जुळवतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला गेला नाही, तर तो हाताने टाकू नका. आधी पत्ता तपासा. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या किंवा संगणकाच्या लॉकने लॉगिन करायची सोय, याहून भक्कम, कारण ती ज्या डोमेनसाठी बनवली त्याखेरीज कुठे चालतच नाही. ओटीपीचं तसं नाही. खोटं पान तुमच्याकडून ओटीपी घेतं आणि त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरतं.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर तर अजिबात भरवसा ठेवू नका. तुम्ही पाठवलेलं मधल्या वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे कोण बसलंय हे ते सांगत नाही. त्या कुलपासाठी लागणारी प्रमाणपत्रं लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2015 पासून फुकट देते आणि फसव्या साइटही ती घेतात. क्रोमने तर 2023 मध्ये ॲड्रेस बारमधलं ते कुलूपच काढून टाकलं.

अनोळखी दुकानाची साइट असेल तर आयकॅन या डोमेनांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर डोमेन टाकून नोंदणीची तारीख पाहा. 'अनेक वर्षांचा विश्वास' असं लिहिलंय आणि डोमेन तीन आठवड्यांपूर्वीचं आहे, तर खरेदी करू नका. वस्तूचा फोटो इमेज सर्चमध्ये टाका. तोच फोटो पाच दुकानांत सापडला तर सावध व्हा. पैसे थेट खात्यावर, गिफ्ट कार्डाने किंवा क्रिप्टोतच मागत असतील तर ते परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते. क्रेडिट कार्डावर निदान तक्रार करून व्यवहाराला हरकत घेता येते.

सगळ्यात घातक प्रकार वेगळाच आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' असं म्हणणारं पान चौकटीवर टिचकी मारायला लावतं, मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा असं सांगतं. टिचकी मारताच क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे, एक आज्ञा टाकलेली असते. एंटर दाबलं की ती तुमच्याच हातून चालते. म्हणूनच अँटीव्हायरसची आडकाठी अनेकदा होत नाही. जतन केलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या नोंदी) काही सेकंदांत बाहेर जातात. खरा कॅप्चा ब्राउझरबाहेर काहीही करायला सांगत नाही.

चूक होऊन गेलीच, तर अशी आज्ञा चाललेल्या संगणकाचं इंटरनेट आधी तोडा. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, ईमेलचा सर्वांत आधी, कारण बाकीचे सगळे त्यावरूनच नवे करता येतात. मग 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' करा. नुसता पासवर्ड बदलून चोरलेली कुकी दर वेळी निकामी होत नाही. संगणक पुसून विंडोज नव्याने टाका. कार्डाचा तपशील दिला असेल तर कार्डामागे छापलेल्या नंबरवर फोन करून ते बंद करा, सर्चमध्ये सापडलेल्या नंबरवर नको. पान, पत्ता आणि व्यवहार यांचे स्क्रीनशॉट ठेवून तक्रार नोंदवा. त्यानंतर काही दिवसांनी 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी शुल्क भरा' असा फोन आला तर काही न देता तो ठेवा. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात.