जुन्या प्रोग्रामिंग भाषांमधील नावे : या चुका टाळा

जुना प्रोग्राम दुरुस्त करताना कंपायलरने (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाने) नाकारलेल्या नावाचा फारसा त्रास होत नाही. खरा घात करते ते त्याने निमूटपणे स्वीकारलेले नाव, कारण प्रोग्राम विनातक्रार चालतो आणि उत्तर मात्र चुकते.

फोरट्रान ७७ मध्ये असे सापळे सर्वाधिक आहेत. तेथे जाहीर न केलेल्या व्हेरिएबलचा, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नामांकित जागेचा, प्रकार पहिल्या अक्षरावरून ठरतो : आय ते एन यांपैकी अक्षर असल्यास पूर्णांक, एरवी वास्तव संख्या. त्यामुळे सरासरीसाठी एमने सुरू होणारे ‘मीन’ हे सोयीचे नाव घेऊन त्यात १७.० भागिले २.० ठेवले, तर ८.५ ऐवजी ८ उरतात. शिवाय ठरावीक कॉलमांच्या जुन्या मांडणीत ७२व्या कॉलमपुढचा मजकूर वाचलाच जात नाही, म्हणून ओळीच्या टोकाशी आलेले नाव अर्धवट तुटून वेगळेच व्हेरिएबल जन्माला येऊ शकते. त्याच मांडणीत रिकाम्या जागांनाही अर्थ नसतो. ‘डू १० आय = १,१०’ यात स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले, तर लूप (त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) नाहीसे होऊन ‘डू१०आय’ नावाच्या व्हेरिएबलला १.१० ही किंमत मिळते. प्रत्येक उपप्रोग्रामच्या आरंभी ‘इम्प्लिसिट नन’ लिहिल्यास यातील बहुतेक चुका कंपायलरच पकडतो. हे विधान फोरट्रान ९० मध्ये प्रमाणित झाले असले, तरी ७७ च्या अनेक कंपायलरांनी ते आधीच स्वीकारले होते.

बेसिकच्या बोलींमध्ये एकवाक्यता अशी नाहीच. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावर नाव कितीही लांब लिहिता येते, पण पहिली दोनच अक्षरे विचारात घेतली जातात. परिणामी ‘सॅलरी’ आणि ‘सेव्हिंग्ज’ या दोन्हींची इंग्रजी आद्याक्षरे एस-ए असल्याने ती एकाच जागेवर लिहितात. उलट ‘टोटल’ हे निरुपद्रवी नाव तेथे वाक्यरचनेची चूक ठरते, कारण त्याच्या आरंभीचे टी-ओ हा राखीव (भाषेने स्वतःसाठी ठेवलेला) शब्द म्हणून वाचले जाते. ‘स्कोअर’मध्ये दडलेला ‘ऑर’ही तसाच. जीडब्ल्यू-बेसिक या दुसऱ्या बोलीमध्ये मात्र ४० अक्षरांपर्यंत फरक पाळला जातो आणि नावाच्या पोटातील राखीव शब्दही चालतो. त्यामुळे तेथील प्रोग्राम कमोडोरवर नेण्यापूर्वी सर्व नावांची यादी काढून पहिल्या दोन अक्षरांनुसार लावून पाहावी.

कोबोलमध्ये जोडरेघ हा नावाचाच भाग असल्याने वजाबाकीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडावी, इतके सांगणे पुरे.

सी भाषेत गफलत लिंकरच्या (वेगवेगळ्या फाइली जोडून एक प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाच्या) टप्प्यावर होते. १९८९ च्या प्रमाणाने फाइलबाहेर दिसणाऱ्या नावांच्या पहिल्या ६ अक्षरांचीच हमी दिली होती, तीही लहान-मोठ्या लिपीचा भेद न पाळण्याची मुभा ठेवून. म्हणून जुन्या यंत्रासाठी लिहिताना फंक्शनांना एकसारखा लांब उपसर्ग लावू नये. वेगळेपण दाखवणारी अक्षरे आधी यावीत.