इंदूरच्या गॅलरीत स्लिपर ऑर्किड: आधी पानं बघा, फूल नंतर

स्लिपर ऑर्किड, म्हणजे ज्याच्या फुलाला चपलेच्या पुढच्या भागासारखी पिशवी असते ते, घ्यायचं म्हटलं की सगळे फोटोतलं फूल बघून ऑर्डर करतात, आणि मे महिन्यात झाड गेलं की "आपल्याकडे हे होतच नाही" म्हणून मोकळे. होतं हो. फक्त कुठलं आणायचं ते पानांवरून ठरवायचं, कारण आपल्या हवेत कोण टिकणार हे पानच सांगतं.

स्लिपर ऑर्किडमध्ये वेगवेगळे गट आहेत. त्यातलं सिप्रिपेडियम तर आणूच नका, ते थंड देशातलं, हिवाळ्यात जमिनीखाली झोपणारं, त्याला जी खरी थंडी लागते ती इंदूरला मिळणार नाही. फ्रॅग्मिपेडियम मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, त्याला मुळाशी कायम ओल आणि एकदम स्वच्छ पाणी लागतं, ते नंतर कधीतरी. सुरुवात पॅफिओपेडिलमपासून करायची, म्हणजे आपलं आशियातलं, लोक नुसतं पॅफ म्हणतात.

आता पॅफची पानं. ज्यांच्या पानांवर गडद-फिक्या हिरव्याची नक्षी असते ते बहुतेक उबेतले, उदाहरणार्थ मॉडिए (कॅलोसम आणि लॉरेन्सिएनम या दोन जातींचा संकर, १९०० सालचा), आणि अजूनही नवशिक्यासाठी ह्याच्यासारखं सोशिक झाड नाही असं माझं मत. साधी, हिरवी, अरुंद पानं असलेले बरेचसे गारव्यातले, जसं मेघालयातलं इन्सिग्ने, ह्यांना कळी धरायला थंड रात्री लागतात. आणि इथे माळव्याचा फायदा आहे बघा, इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या आसपास येतोच, त्यामुळे मुंबईत जे इन्सिग्ने नुसती पानं काढत बसेल ते इथे फुलायची शक्यता जास्त, फक्त त्याला उन्हाळा काढून द्यावा लागतो. तिसरे ते लांब पट्ट्यासारख्या जाड पानांचे, बोर्निओतलं रॉथशिल्डिएनम वगैरे, एका दांड्यावर अनेक फुलं, भव्य प्रकार, पण जागा जास्त, उजेड जास्त आणि फुलायला बरीच वर्षं. पहिल्या वेळी नको.

कुंडीत माती घालायची नाही, आपली काळी माती तर बिलकुलच नाही. बारीक बार्क, म्हणजे झाडाच्या सालीचे तुकडे, हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे, त्यात लाकडी कोळशाचे तुकडे आणि परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे). इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी मी त्यात थोडे नारळाच्या शेंडीचे तुकडेही घालते, पण ते आधी दोन-तीनदा भिजवून पाणी फेकून द्यायचं, नाहीतर त्यातला खारेपणा मुळांना लागतो. चुनखडीवर वाढणाऱ्या जाती असतील, बेलाटुलम किंवा कॉन्कलर, तर शिंपल्यांचा चुरा चिमूटभर. कुंडी लहानच हवी, मुळं जेमतेम मावतील एवढी, मोठ्या कुंडीत मधला भाग ओला राहतो आणि मुळं कुजतात. आणि दर वर्ष-दीड वर्षाने मिश्रण बदलायचंच, बार्क कुजला की सगळं संपलं.

पाण्याचं नीट वाचा. ह्या झाडाला इतर बऱ्याच ऑर्किडसारखे जाड कंद नसतात, म्हणजे पाणी साठवायला काही नाही, म्हणून पूर्ण कोरडं पडू द्यायचं नाही आणि चिखलही करायचा नाही. वेळापत्रक लावून पाणी घालू नका, कुंडी उचलून बघा, हलकी लागली की घाला. मे मध्ये दोन-तीन दिवसांनी, हिवाळ्यात आठवड्याने, हे नुसतं अंदाजासाठी. बोअरिंगचं पाणी नकोच, त्यात क्षार फार, पानांची टोकं काळी पडतात. नळाला येणारं नर्मदेचं पाणी चालवून घेणारेही आहेत पण आरओचं किंवा पावसाचं सगळ्यात बरं, जुलै-ऑगस्टमध्ये गच्चीवर टाकी ठेवली तर बरेच दिवस पुरतं. (आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जातं ते नाही हं, त्यात उलट सगळे क्षार जमा झालेले असतात.) पाणी सकाळी घालायचं आणि पानांच्या मधल्या खोबणीत साचू द्यायचं नाही, साचलंच तर कागदाच्या बोळ्याने टिपून घ्या, तिथूनच सड लागते आणि पावसाळ्यात ती दोन दिवसात झाड घेऊन जाते. खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भाग, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढायची.

उन्हाळ्यात गॅलरीतून आत घ्या. पूर्वेची खिडकी, जाळीदार पडदा, आणि कूलर ज्या खोलीत चालतो तीच खोली. मे मध्ये आपल्याकडे बाहेर ४० च्या वर आणि हवा एकदम कोरडी, तेव्हा कूलरचा दमटपणा ह्या झाडांना फार मानवतो, पण थेट झोतात ठेवायचं नाही, कूलरमध्ये बोअरिंगचं पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग येतात. पाऊस लागला की उलटं, कूलर बंद आणि साधा पंखा चालू, हवा हलती राहिली पाहिजे. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर मिलीबग, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीने लगेच पुसायचं.

आता तुलना, ज्याच्यासाठी लोक खरं तर दोन-चार झाडं जमवतात. पहिली तुलना झाडाची स्वतःशीच करायची: नवं पान मागच्या पानाएवढं किंवा मोठं येतंय का. लहान येत असेल तर मुळांत काहीतरी बिघडलंय, फुलाची वाट बघत बसू नका, कुंडी उपसून बघा. पानं गडद आणि लुळी म्हणजे उजेड कमी, पिवळट म्हणजे जास्त.

दोन फुलांची तुलना करायची असेल तर दोन्ही फुलं उमलून आठवडा-दहा दिवस झालेले असू द्या, कारण फूल उघडल्यावरही काही दिवस पसरत राहतं. पाकळ्या न ओढता आडवी रुंदी मोजा, मग वरच्या उभ्या पाकळीची रुंदी, मग पिशवी, मग दांड्याची उंची. फोटो त्याच खिडकीत, काळ्या कापडासमोर, शेजारी पट्टी ठेवून, नाहीतर सकाळचा फोटो आणि ट्यूबलाइटचा फोटो ह्यांचे रंग जुळवत बसाल आणि काही हाती लागणार नाही. अमेरिकन ऑर्किड सोसायटीचे परीक्षक १०० पैकी गुण देतात, ७५ किंवा वर गेलं तर बक्षिसाची गोष्ट, आणि आकार-रंग-ठेवण सगळं बघतात. घरी एवढं कशाला, पण एक गोष्ट त्यांच्याकडून घ्यावी, नुसतं मोठं फूल म्हणजे चांगलं फूल नव्हे. बियांपासून केलेल्या एकाच संकराची भावंडंही सारखी निघत नाहीत, शिवाय पहिल्या फुलावरून निकाल लावू नका, दुसऱ्यांदा फुलल्यावर खरा रंग-आकार कळतो.

खरेदीचं शेवटी सांगते पण करायचं सगळ्यात आधी. सगळे पॅफ साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १ मध्ये आहेत, आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या झाडांच्या यादीतही, म्हणून ईशान्येतून "जंगलातलं ओरिजिनल" म्हणून स्वस्तात कोणी दिलं तर हात लावायचा नाही. लायसन्स असलेल्या नर्सरीतून, बिलासकट घ्या, आणि घरी ठेवायचे नियम वन विभागात विचारून घ्या. फूल गेलं की दांडा लगेच कापू नका, पिनोकिओसारखे संकर त्याच दांड्यावर एकामागून एक फुलं देत राहतात. दांडा स्वतः वाळला की कापा, आणि ब्लेड आधी गॅसवर तापवून गार करून घ्या, एका झाडाचा व्हायरस दुसऱ्यात जायला तेवढंच पुरतं. ज्या फुटव्याला एकदा फूल आलं त्याला पुन्हा येत नाही, पुढचं फूल शेजारच्या नव्या फुटव्याला, म्हणून फुटवे तोडून वेगळे करायची घाई नको, तीनपेक्षा कमी फुटव्यांचा तुकडा करूच नका.