मॅचला निघण्यापूर्वी काडतुसाची लांबी मोजावी

काउबॉय ॲक्शन शूटिंग म्हणजे जुन्या अमेरिकन पश्चिमेच्या धर्तीच्या रिव्हॉल्व्हर, रायफल व शॉटगनने घड्याळ लावून लक्ष्ये टिपण्याचा खेळ. त्याच्या माझ्या पहिल्याच मॅचमध्ये लिव्हर-ॲक्शन (खालचा दांडा हलवून पुढचे काडतूस चढवायची) रायफल दुसऱ्या गोळीनंतर अडकली, उरलेली आठ काडतुसे आतच राहिली आणि न लागलेल्या प्रत्येक गोळीमागे पाच सेकंद या हिशेबाने माझ्या वेळेत चाळीस सेकंद वाढले. रायफल निर्दोष होती. काडतुसे मी निवडली होती, आणि ती रिव्हॉल्व्हरमध्ये उत्तम चालतात एवढे पाहून मी समाधान मानले होते.

अमेरिकेत राहून या खेळात उतरू पाहणाऱ्या मराठी मंडळींनी सर्वप्रथम स्वतःचा व्हिसा पाहावा. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना तेथील संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूस बाळगण्यासही सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे अपवाद आहेत, पण ते वकिलाकडूनच समजून घ्यावेत.

दोन रिव्हॉल्व्हर आणि रायफल या तिन्हींना एकच काडतूस चालेल अशी निवड करावी, म्हणजे घाईत खिशांची गल्लत होत नाही. नवशिक्याला ३८ स्पेशल हे काडतूस पुरते. ते त्याहून जोरदार अशा ३५७ मॅग्नम काडतुसाच्या शस्त्रातही चालते, उलट मात्र कधीही करू नये. ४५ कोल्टचा रुबाब मला मान्य आहे, परंतु सौम्य भाराच्या काडतुसात त्याचे सरळ पितळी कवच रायफलीच्या चेंबरला (काडतूस बसते त्या पोकळीला) घट्ट चिकटत नाही आणि वायू व काजळी मागे तोंडाकडे येते. १८७३ च्या विंचेस्टर रायफलीबरोबर आलेल्या ४४-४० या काडतुसाचे कवच गळ्याशी पातळ असल्यामुळे तो त्रास पुष्कळ कमी होतो.

आता लांबी. १८६६ आणि १८७३ च्या विंचेस्टरच्या धर्तीच्या रायफलींत मॅगझिनमधून (नळीखालच्या काडतुसांच्या साठ्यातून) आलेले काडतूस एका ठोकळ्यात बसते आणि तो ठोकळा सरळ वर उचलला जातो. मागून येणाऱ्या काडतुसाला बाहेर थोपवण्याचे काम ठोकळ्यातले काडतूस स्वतःच्या लांबीने करते. ते आखूड असले तर मागून येणाऱ्याची कड ठोकळ्यात शिरते, लांब असले तर त्याचेच नाक मॅगझिनमध्ये अडकून राहते, आणि दोन्ही वेळा लिव्हर हलत नाही. ३८ स्पेशलची कमाल प्रमाणित लांबी १.५५० इंच आहे, ३५७ मॅग्नमची १.५९० इंच; परंतु हलक्या, बुटक्या गोळीची ३८ ची काडतुसे याहून बरीच आखूड भरतात, आणि मी नेमकी तीच घेतली होती. पेटीवर गोळीचे वजन छापलेले असते, लांबी बहुधा नसते. म्हणून व्हर्नियर कॅलिपर घेऊन स्वतः मोजावी, एका पेटीतली नव्हे तर दोन-तीन पेट्यांतली. त्यानंतर रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, दहाच्या दहा काडतुसे भरून रायफल मॅचच्या वेगाने चालवून पाहावी. दोन काडतुसांवर निर्णय घेऊ नये. माझी पहिली दोन व्यवस्थित उडाली होती.

गोळी शिशाचीच हवी. समोर पोलादी लक्ष्ये असतात, रिव्हॉल्व्हरची तर जेमतेम सात ते दहा यार्डांवर, आणि तांब्याचे वेष्टन असलेल्या गोळीचे तुकडे उलटून येतात, म्हणून नियमानेच तिला बंदी आहे. गोळीचे नाक चपटे असावे, कारण नळीसारख्या मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर) टेकलेले असते आणि टोकदार नाकाने धक्क्यासरशी तो फुटू शकतो. वेगाची मर्यादा रिव्हॉल्व्हरला सेकंदाला १,००० फूट व रायफलीला १,४०० फूट आहे. खालचीही मर्यादा आहे: वेग ४०० फुटांपेक्षा कमी नसावा, आणि गोळीचे ग्रेनमधील (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) वजन गुणिले वेग भागिले हजार हा आकडा किमान ६० यावा. धक्का कमी व्हावा म्हणून काडतुसातली दारू घटवत जाणाऱ्यांनी हे वाचून थांबावे. फार दुबळ्या काडतुसाची गोळी नळीतच अडकते आणि तिच्यामागून दुसरी झाडली की नळी फुगते. आवाज फुसका आला तर लगेच थांबून नळी तपासावी. आणि गोळीचे वजन बदलले की लांबीही बदलते, तेव्हा पुन्हा मोजावी.

उरलेले थोडक्यात सांगतो. सहा फेऱ्यांना रिव्हॉल्व्हर व रायफल मिळून १२० काडतुसे लागतात, १५० न्यावीत, सर्व एकाच खरेदीतली. शॉटगनला शिशाचे छरे, ४ नंबर किंवा त्याहून बारीक. काळी दारू (जुन्या पद्धतीची, धूर करणारी) पहिल्या वर्षी नको. चष्मा, कानाचे संरक्षण. लांबी मोजली का?

रेंजची पिशवी भारतात जाताना सामानासाठी मुळीच वापरू नये. तिच्या कप्प्यात विसरलेले एक काडतूस मुंबई विमानतळावर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली पोलिसांपर्यंत नेण्यास पुरेसे आहे.