चुकून कापलेल्या पैशांसाठी बँकेत जाण्याआधी

मागच्या गणपतीआधी रानडे रोडवर आईसाठी साडी घेतली. कार्ड मशीनला लावलं तर डिक्लाइन, पुन्हा लावलं तेव्हा झालं. दादर स्टेशनला पोचेपर्यंत फोनवर १,८४० रुपये कापल्याचे दोन मेसेज! दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातांनी बँकेत गेले. काउंटरवरच्या ताईंनी जे जे मागितलं, त्यातलं माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून ही यादी.

सगळ्यात आधी पैसे कसे गेले ते ठरवा, कारण पुढची धावपळ त्यावरच अवलंबून आहे. मशीनने नाही म्हटलं आणि तरी खात्यातून गेले, तर ते बहुधा आपोआप परत येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या तारखेनंतर ५ दिवसांत पैसे परत यायला हवेत, त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. इथे कामी येते ती फेल झालेली पावती. माझी दुकानदाराने चुरगाळून टाकली आणि मीही टाकू दिली. नशीब, त्याच्या मशीनमधून दुसरी प्रत निघाली.

दोन्ही पावत्या यशस्वी असतील, किंवा १८४ च्या जागी १,८४० मारले असतील, तर आधी दुकान गाठा, तेही त्याच दिवशी. दिवसाचा हिशेब बंद होण्याआधी दुकानदार मशीनवरूनच व्यवहार रद्द करू शकतो. नंतर रिफंडची वाट बघत बसावं लागतं. त्याने रोख परत दिले तर बँकेत तक्रार करू नका, एकाच चुकीचे दोनदा पैसे मागितल्यासारखं होतं.

आणि व्यवहार तुमचा नाहीच असं वाटलं, तर आधी एकदा शांतपणे आठवा. दुकानाची पाटी एक आणि स्टेटमेंटवर मालकाच्या कंपनीचं नाव भलतंच, असं सर्रास असतं. कधी घरातल्या कुणीतरी लावलेलं ॲपचं वर्गणीचं ऑटो-पेमेंट निघतं. तरीही ओळख पटली नाही तर ही यादी बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा कार्ड ब्लॉक करा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागचाच घ्या. नेटवर शोधलेला ‘कस्टमर केअर’ कित्येकदा चोराचाच असतो. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवरही कळवा. चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमच्यावर एक रुपयाही येत नाही, हा २०१७ चा नियम. ४ ते ७ दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत झळ बसू शकते. दिवस तुमच्या होम ब्रँचच्या कामकाजाप्रमाणे मोजतात, म्हणजे दुसरा-चौथा शनिवार धरायचा नाही. ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

आता पिशवीत काय न्यायचं. पावत्यांचा फोटो आणि झेरॉक्स दोन्ही, कारण तो थर्मल कागद आपल्याकडच्या दमट हवेत पाकिटात पडून कोरा होतो. पावतीवरचा १२ आकडी आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेगळा लिहून घ्या. ताईंनी मला पहिला प्रश्न तोच विचारला होता. बँकेचे मेसेज डिलीट करू नका. त्या दिवसाचा खातेउतारा, कार्डाचे शेवटचे ४ आकडे, ओळखपत्र. पूर्ण कार्ड नंबर किंवा पिन कुठल्याच कागदावर लिहायचा नाही. अर्ज घरूनच लिहून न्या, पाच ओळी पुरतात: तारीख, वेळ, दुकान, रक्कम, काय हवं. दोन प्रती. एकीवर शिक्का आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. ‘बघतो, होऊन जाईल’ ही पोच नव्हे.

तक्रार केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट, चौकशीला १४४४८.

माझे पैसे सातव्या दिवशी आले. वरचे २०० नियमाने न मागता यायला हवे होते, ते परिपत्रकाची झेरॉक्स घेऊन गेले तेव्हा आले.